बारा टॅब, चोपन्न मुलं

प्रिय ताई,
मी नाशिकला सिडकोतल्या एका अनुदानित मराठी शाळेत आठवीला भूगोल आणि विज्ञान शिकवते. दिवाळीनंतर माजी विद्यार्थ्यांनी शाळेला 12 टॅब भेट दिले. तेव्हापासून ते ऑफिसच्या कपाटात आहेत. माझ्या वर्गात 54 मुलं. त्यातल्या एका मुलीला फार कमी दिसतं, जाड भिंगाचा चष्मा लावूनही फळ्यावरचं वाचता येत नाही. एका मुलाच्या दोन्ही कानांना मशीन आहे. तिसरा मुलगा बोलायला चुणचुणीत, पण वाचायला उभं केलं की घाम फुटतो आणि वहीत चार ओळी धड नसतात. मुख्याध्यापक म्हणतात, या तिघांना एकेक टॅब द्या, मागे बसून व्हिडिओ बघू देत, म्हणजे बाकीच्यांचा पोर्शन अडणार नाही. टॅब फुटला तर भरून कोण देणार, हीही त्यांची काळजी आहे. मला हे पटत नाही, पण मग दुसरं काय करायचं तेही सुचत नाही.
– आठवीची एक वर्गशिक्षिका

नमस्कार बाई,

तुम्हाला पटत नाही, तेच बरोबर आहे. टॅब त्या तिघांना वेगळे देऊ नका. वर्गाचे बारा गट करा, सहा गट चार-चार मुलांचे आणि सहा पाच-पाच मुलांचे, म्हणजे 54 जमतात. प्रत्येक गटाला एक टॅब. ती तीन मुलं तीन वेगळ्या गटांत जातील. आणि टॅबवर मुलांना काही बघायला लावण्याऐवजी काहीतरी तयार करायला सांगा. व्हिडिओ बघताना शेजारी कोण बसलंय याच्याशी मुलाला देणंघेणं नसतं. पण दोन मिनिटांचं का होईना, एखादं रेकॉर्डिंग करायचं म्हटलं की प्रश्न कोण विचारणार, टॅब कोण धरणार, नंतर ऐकून कागदावर कोण उतरवणार, यावर बोलावं लागतं, प्रसंगी भांडावंही लागतं. त्या तिघांना वर्गात जे मिळत नाहीये ते हेच आहे.

माझी स्वतःची एक चूक सांगते, कारण तुम्हीही पहिल्या आठवड्यात तिच्याच वाटेने जाल अशी मला भीती आहे. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत आमच्या शाळेलाही असेच थोडे टॅब मिळाले होते. मी भूगोलासाठी 'गोदावरीचा पूर' हा प्रकल्प घेतला. पावसाळ्यात नाशिकमध्ये कुणीही कुणाला विचारतं, गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत लागलं? गुडघ्याला, कमरेला की छातीला, यावरून पूर किती ते सगळ्यांना कळतं. मुलांनी नदीकाठच्या दुकानदारांशी बोलायचं, जुन्या पुरांच्या खुणा शोधायच्या, त्यांचे फोटो घ्यायचे आणि सगळं जोडून छोटी फिल्म करायची, असं ठरलं. कामांची यादी मी केली. कानाला मशीन असलेल्या एका मुलीच्या नावापुढे मी 'फोटो' लिहिलं. हिला ऐकू कमी येतं, मग डोळ्यांचं काम द्यावं, इतका साधा विचार मी केला होता. तिने फळ्यावरची यादी वाचली, काही बोलली नाही. मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "बाई, मला प्रश्न विचारायचेत. फोटो कुणीपण काढतं."

मी तिला होकार दिला खरा, पण मनात धाकधूक होती. भांडी बाजारातल्या एका दुकानात आम्ही गेलो. काका सवयीप्रमाणे पातेली एकात एक रचत, गल्ल्याकडे बघत बोलायला लागले. ती मध्येच थांबवून म्हणाली, "काका, माझ्याकडे बघून बोला ना. ओठ दिसले की मला कळतं." काकांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं, स्टूल पुढे ओढलं आणि तिच्यासमोर बसून सावकाश सांगायला लागले. 2008 च्या सप्टेंबरात पाणी किती भराभर चढलं, भांडी कशी तरंगत बाहेर गेली, सगळं. मग उठून त्यांनी भिंतीवरची एक फळी दाखवली. ती पुढे गेली, त्या फळीच्या कडेवर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथपर्यंत?" गटातल्या दुसऱ्या मुलीने त्या बोटाचा फोटो काढला. इतर गटांच्या मुलाखतींमध्ये मोठी माणसं घाईत बोलली होती, अर्धं ऐकूच येत नव्हतं. हिची मुलाखत वर्गात लावली तेव्हा शेवटच्या बाकापर्यंत एकेक शब्द पोचला.

त्यानंतर मुलांचं अपंगत्व बघून मी कधीच कामं वाटली नाहीत. कमी दिसणाऱ्याला आवाज आणि कमी ऐकणाऱ्याला चित्र, अशी वाटणी दिसायला समंजस दिसते, पण त्यात मुलाला काय करावंसं वाटतं ते कुणी विचारलेलंच नसतं. चार-पाच कामांच्या चिठ्ठ्या करा, दर आठवड्याला कामं फिरवा, आणि कुणाला एखादं काम हवंच असेल तर ते मागायची मुभा द्या. मग त्या कामात जी अडचण येईल ती गटाने मिळून सोडवायची. तुमच्या कमी दिसणाऱ्या मुलीकडे कॅमेरा आला तर येऊ द्या. टॅबचा पडदा तिला डोळ्यांपाशी नेता येतो, बोटांनी चित्र मोठं करता येतं. त्या पडद्यावर तिला जे दिसतं ते फळ्यावरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

हाच पुराचा विषय तुम्हालाही घेता येईल, कारण त्यात गणित आणि विज्ञान आपोआप येतं. गोदावरीवरच्या गंगापूर धरणातून अमुक क्युसेक विसर्ग, असं वर्तमानपत्रात येतं आणि मुलं ते नुसतं वाचून पुढे जातात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28.3 लिटर पाणी. समजा 10,000 क्युसेक सोडलं, तर सेकंदाला 2,83,000 लिटर झालं. रस्त्यावर दिसणारा मोठा टँकर 10,000 लिटरचा धरला, तर दर सेकंदाला अठ्ठावीस टँकर रामकुंडाकडे निघाले. हे मुलांना टॅबवर चित्र काढून दाखवू दे, कुणी टाळ्या वाजवून सेकंद मोजू दे, कुणी नुसतं बोलून समजावू दे. तुमचा तो वाचायला घाबरणारा मुलगा हे तोंडी किती झकास सांगेल, ते एकदा ऐकाच. घरी आजी-आजोबा असतील तर 1969 च्या पुराच्या आठवणीही मिळतील. 2016 आणि 2019 चे पूर तर बहुतेक घरांतल्या मोठ्या माणसांनी पाहिलेले आहेत.

विज्ञानासाठी मात्र मी तुम्हाला त्र्यंबकेश्वरला नेईन. दादासाहेब फाळके तिथे 1870 मध्ये जन्मले. पहिला कथापट करण्याच्या आधी त्यांनी भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून एक छोटी फिल्म केली होती. कुंडीतल्या वाटाण्याचं रोप वाढताना त्यांनी कॅमेऱ्यात एकेक चौकट टिपत नेलं आणि पडद्यावर ते रोप डोळ्यांदेखत उगवलं. नाशिकच्या मुलांना हे ठाऊक असलंच पाहिजे, आणि नुसतं ठाऊक असून भागणार नाही, त्यांनी ते स्वतः करून बघितलं पाहिजे. काचेच्या ग्लासात ओला कापूस, काचेला चिकटून मटकी किंवा वाटाण्याचे दाणे. टॅब दोन विटांमध्ये पक्का बसवा आणि विटांभोवती बाकावर खडूने रेघ मारा, म्हणजे कुणी हलवला तरी जागेवर ठेवता येईल. दिवसातून चार फोटो, दहा दिवस. झाले 40 फोटो. सेकंदाला आठ या वेगाने लावले तर पाच सेकंदांची फिल्म होते. पाच सेकंदांसाठी दहा दिवस, याचंच मुलांना अप्रूप वाटतं. वेळेवर फोटो घेण्याची जबाबदारी आमच्या वर्गातल्या सगळ्यात चुळबुळ्या मुलाने मागून घेतली होती. तासभर एका जागी न बसणारा तो मुलगा दहा दिवसांत एकदाही चुकला नाही. रविवारी काय करायचं, याचा बंदोबस्तही त्यानेच शिपाईमामांना गळ घालून केला. दाण्याचं साल कधी फुटलं, मूळ आधी आलं की कोंब, हे बघायला तुमच्या त्या मुलीला भिंग लागेल किंवा टॅबवर चित्र मोठं करावं लागेल. शेजारी एक जादा ग्लास ठेवा, त्यातला दाणा सगळ्या मुलांना हातात घेऊन बघता येईल. फिल्मला आवाज देताना कोवळ्या मुळाचा स्पर्श कसा होता हे ज्याने बोटांनी पाहिलं तोच नीट सांगेल.

आता त्या तिघांच्या रोजच्या तासाबद्दल.

मुलीसाठी पहिली गोष्ट अगदी साधी आहे. फळा भरला की प्रत्येक गटाने फळ्याचा फोटो घ्यायचा. सगळ्यांनीच घ्यायचा, म्हणजे ती तो मोठा करून वाचत असताना कुणी तिच्याकडे वळून बघणार नाही. टॅबच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी' नावाचा भाग असतो. तिथे अक्षरं मोठी करणं, पडदा काळा आणि अक्षरं पांढरी करणं, पडद्याचा भाग भिंगासारखा मोठा करणं या सोयी आहेत. त्यातलं तिला काय बरं पडतं ते तिलाच ठरवू द्या. काहींना काळ्यावर पांढरं बरं वाटतं, काहींचे डोळे त्याने दुखतात. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ती आधीच उतरवून ठेवा. आणि तिला खिडकीकडे तोंड करून बसवू नका. उजेड तिच्या मागून किंवा बाजूने यायला हवा.

मुलासाठी, म्हणजे ज्याच्या कानाला मशीन आहे त्याच्यासाठी, टॅबपेक्षा तुमची स्वतःची एक सवय जास्त महत्त्वाची आहे. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. आधी लिहा, मग वळा, मग बोला. कानाचं मशीन तुमच्या आवाजाबरोबर पंख्याचा आणि बाकं सरकवल्याचा आवाजही मोठा करतं, हे पुष्कळ शिक्षकांच्या लक्षात येत नाही. बोललेलं मराठीत पडद्यावर उमटवणारं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' हे ॲप मोफत आहे, ते जरूर वापरून बघा. पण टॅब बोलणाऱ्याच्या अगदी जवळ असेल तरच ते धड चालतं, 54 मुलांच्या गोंगाटात शब्दांचा पार गोंधळ होतो. गटात बोलताना मात्र त्याचा खरा उपयोग होतो. ज्याला बोलायचं असेल त्याने टॅब आपल्यापुढे ओढायचा, असा नियम केला की एका वेळी एकच मूल बोलतं. या नियमाने सगळ्यांचंच भलं होतं. वर्गात जी फिल्म तयार होईल तिला खाली मराठीत ओळी लिहिल्याच पाहिजेत, त्याशिवाय काम पूर्ण धरू नका.

तिसऱ्या मुलाबद्दल मला जास्त लिहायचंय, कारण पहिल्या दोघांची अडचण बघणाऱ्याला दिसते. याची दिसत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला 'आळशी', 'लक्ष नाही', 'बुद्धी आहे पण वापरत नाही' अशी वाक्यं येतात. तुमच्या पत्रावरून ही अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचण्या-लिहिण्यात येणारी अडचण, असू शकते असं वाटतं. पण ते ठरवायचा अधिकार माझाही नाही आणि तुमचाही नाही, त्यासाठी रीतसर तपासणी लागते. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात 21 प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत, त्यात ही विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे. आधीच्या 1995 च्या कायद्यात सातच प्रकार होते आणि हा त्यात नव्हता. त्यामुळे जुन्या पिढीच्या शिक्षकांना याची सवय नाही, एवढंच. पालकांना बोलवा. आईवडील दोघंही आले तर उत्तम. पहिल्या भेटीत 'अक्षमता' हा शब्द काढू नका. तो तोंडी किती छान उत्तरं देतो याचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा आणि शेजारी त्याची वही ठेवा. दोन्हीत जे अंतर आहे ते त्यांचं त्यांनाच दिसेल. मग तपासणीचं बोला.

हे आठवीतच करा. दहावीला राज्य मंडळ अशा मुलांना लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा), तासाला 20 मिनिटं जादा वेळ अशा सवलती देतं. पण त्यासाठी शासनाने ठरवून दिलेल्या रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्या खेपांमध्ये महिने जातात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करणारे पालक मी पुष्कळ पाहिलेत. 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तुमच्या भागात असतात, त्यांना आत्ताच वर्गात बोलवा.

दहावीच्या पेपरला टॅब हातात नसणार, मग त्याची सवय कशाला लावायची, असं तुम्हाला कुणीतरी म्हणेलच. लेखनिक मिळाला तरी त्याला मजकूर सांगता यावा लागतो. आधी काय, मग काय, कुठे थांबायचं, कुठे नवा परिच्छेद, आकृतीत कोणतं नाव कुठे घालायचं, हे सगळं समोरच्याला समजेल असं बोलायला सराव लागतो. ज्यांनी कधीच असं उत्तर सांगितलेलं नाही ती मुलं लेखनिकासमोर गप्प बसतात, आणि वाढवून मिळालेला वेळ तसाच निघून जातो. तुमचा मुलगा आठवीपासून टॅबवर आपली उत्तरं रेकॉर्ड करत गेला, ती पुन्हा ऐकून सुधारत गेला, तर त्याची ही तयारी आपोआप होईल. बोलून टाइप करायची सोय गुगलच्या कीबोर्डवर मराठीत आहे, तीही त्याला शिकवा. त्याबरोबर रोजच्या थोड्या वाचनाचा सराव सोडू नका, फक्त तो सगळ्या वर्गासमोर उभं करून घेऊ नका.

वाचनासाठी एक काम सगळ्या वर्गाला द्या. प्रत्येक गटाने पाठ्यपुस्तकातला एक धडा टॅबवर वाचून रेकॉर्ड करायचा. बारा गट, बारा धडे, पंधरा दिवसांत पुस्तकाचा मोठा भाग आवाजात तयार होतो. त्याला इंटरनेट लागत नाही. त्या मुलाला आणि कमी दिसणाऱ्या मुलीला तर ते लागेलच, पण आजारी पडून घरी राहिलेल्या, किंवा द्राक्षाच्या हंगामात आईवडिलांबरोबर निफाडकडे गेलेल्या मुलांनाही लागेल. यंत्राच्या आवाजापेक्षा मैत्रिणीच्या आवाजातला धडा मुलं जास्त वेळ ऐकतात, हे मी पाहिलंय.

पोर्शनचं म्हणाल, तर आठवड्याला दोन तास यासाठी बाजूला काढा आणि ते धड्यातल्याच विषयावर खर्च करा. वेगळा 'टॅबचा तास' ठेवू नका, तो पहिल्या युनिट टेस्टच्या धांदलीत उडतो. या कामाला गुण देण्याची अडचण आठवीला नाही. आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम आहे, प्रकल्प आहे, उपक्रम आहे. ज्या मुलाचं उत्तर आवाजात आहे त्याला ते तोंडी काम म्हणून पूर्ण गुण मिळू शकतात, त्यासाठी कुणाची खास परवानगी लागत नाही. गुण देताना मात्र गटाला एकच आकडा देऊ नका. प्रत्येकाला, 'तू नक्की काय केलंस?' असं एकेकटं विचारा. दोन मिनिटांत सगळं समजतं.

मुख्याध्यापकांना तुम्ही एका कागदावर लिहून द्या. टॅबवर 1 ते 12 क्रमांक, प्रत्येकाला रबरी कव्हर, नेण्या-आणण्याचं एक रजिस्टर, आणि दर आठवड्याला बदलणारे दोन मॉनिटर. तुटफुटीचं काय करायचं याचा ठराव शालेय समितीत आधीच करून घ्या. ते ओझं एकट्या वर्गशिक्षिकेवर असू नये. मुलांच्या रेकॉर्डिंगसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि फोटो-व्हिडिओ शाळेबाहेर कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर जाणार नाहीत हे स्पष्ट लिहा. सर मागे व्हिडिओ बघायला बसवा म्हणतात, त्यावर त्यांच्याशी वाद घालू नका. 2016 च्या कायद्याप्रमाणे या मुलांना इतरांबरोबर वर्गात शिकवणं आणि त्यासाठी लागेल ती सोय करणं हे शाळेचं काम आहे, एवढं शांतपणे सांगा. आणि पहिली फिल्म तयार झाली की ती बघायला त्यांना वर्गात बोलवा. ऑफिसात नेऊन दाखवू नका, मुलांच्या मधल्या बाकावर बसूनच त्यांना ती बघू द्या.

सोमवारी एवढंच करा. टॅब बाहेर काढा, चार्ज करा, बारा गट पाडा आणि फळ्याचा फोटो घ्यायला लावा. दुसरं काही नको. त्या मुलीने फोटो मोठा करून काय वाचलं, तिने स्वतःहून हात वर केला का, ते बघा आणि मला कळवा. मी तुमच्या पत्राची वाट बघतेय.

तुमची,
ताई